नाताळचा आनंद आपला, खर्च कोणाचा?



आगमनकाळ तोंडावर आला आहे. दरवर्षी या सुमारास आम्ही या पानावर प्रायश्चित्त संस्कार, नोव्हेना आणि नाताळच्या मिस्सांविषयी लिहितो. यंदा एका वेगळ्या तयारीविषयी लिहावेसे वाटते. ती तयारी बाजारात, स्वयंपाकघरात आणि चर्चच्या मागच्या खोलीत करायची आहे.

निमित्त घडले ते गणपतीच्या दिवसांत. रविवारची मिस्सा आटोपल्यावर आपल्यातील एक गृहस्थ आम्हाला भेटले. ते पेणला भोगावतीच्या काठाने चालत आले होते. "फादर, नदीची काय दशा झालीय ती एकदा बघून या. सण लोकांचा आणि हाल नदीचे," असे ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात तळमळ होती आणि आम्ही मान डोलावली. त्याच दिवशी दुपारी काही कामासाठी आम्ही चर्चमागची सामानाची खोली उघडली. आत आपले बेथलेहेम पडले होते! थर्मोकोलच्या टेकड्या, थर्मोकोलचा गोठा आणि बर्फ म्हणून आणलेले पोतेभर थर्मोकोलचे पांढरे मणी. कोकणात बर्फ कुठला आणि बेथलेहेमच्या त्या रात्री तो पडला होता असे शुभवर्तमान तरी कुठे सांगते? पण आपण तो पसरला होता. पोते उंदरांनी कुरतडले होते आणि पावसाळ्यात खिडकीतून आलेल्या पाण्याबरोबर ते मणी खोलीबाहेरच्या गटारात गेले होते. ते गटार पुढे कुठे जाते, हे सांगायला नको.

त्या गृहस्थांना दिलेले उत्तर तेव्हा अपुरे पडले. ते आज पुरे करत आहोत.

१. पेणच्या कारखान्यांपासून धडा

गणपती म्हटला की महाराष्ट्राला पेण आठवते. पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत घरोघर मूर्तींचे कारखाने आहेत. येथून मूर्ती मुंबई-पुण्याला जातात, परदेशातही जातात. ही कला आपल्या शेजाऱ्यांची आहे. आपल्यापैकी काहींच्या घरांतील मुलेही सुट्टीत रंगकामाला जातात. म्हणून या विषयाकडे लांबून पाहून चालणार नाही.

पूर्वी मूर्ती शाडूच्या मातीची असे. शाडू आपल्या डोंगरातील नव्हे, ती बहुतांशी गुजरातेतून येते. ही माती पाण्यात काही तासांत विरघळते. पण ती जड असते, पावसाळी हवेत वाळायला वेळ घेते आणि वाहतुकीत फुटते. प्लास्टर ऑफ पॅरिसचे तसे नाही. जिप्सम नावाचे खनिज सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून त्यातील बरेचसे पाणी काढले की ही भुकटी मिळते. तिच्यात पुन्हा पाणी घातले की ती काही मिनिटांत घट्ट होते. साच्यातून मूर्ती झटपट निघते, हलकी आणि स्वस्त असते. मात्र पाण्यात ती लवकर विरघळत नाही, तळाशी पडून राहते. शिवाय काही रासायनिक रंगांतून शिसे, कॅडमियम, क्रोमियम असे धातू पाण्यात उतरतात.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये नव्या मार्गदर्शक सूचना काढून प्लास्टरच्या मूर्तींवर बंदी घातली. मूर्तिकारांचा माल तयार होता, म्हणून ती एक वर्ष पुढे ढकलली गेली. पुढे बंदी आणि सवलत यांचा खेळ चालू राहिला. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदीची काटेकोर अंमलबजावणी करण्यास सांगितले. जूनमध्ये मूर्ती बनवायला आणि विकायला मुभा मिळाली, पण नदी-समुद्रात विसर्जनाची नाही. जुलैमध्ये सहा फुटांहून उंच मूर्तींना मार्च २०२६ पर्यंत नैसर्गिक पाण्यात विसर्जनाची सवलत दिली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने यातून एक वाट काढून दिली आहे. अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात प्लास्टरची मूर्ती ठेवली की तिचे खडूसारख्या भुकटीत आणि अमोनियम सल्फेट या खतात रूपांतर होते. अमोनियम बायकार्बोनेट म्हणजे बिस्किटे फुलवायला बेकरीवाले वापरतात तेच.

या साऱ्यात आम्हाला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. प्लास्टर मूर्तिकाराने आपल्या हौसेने आणले नाही. गिऱ्हाईकाला मोठी, चकचकीत आणि स्वस्त मूर्ती हवी होती. मागणी सगळ्यांची होती. हिशेबाची वेळ आली तेव्हा मात्र एकीकडे नदी होती आणि दुसरीकडे कर्ज काढून माल भरलेला कारखानदार. ज्यांनी मूर्ती मागितली त्यांना फारसे कोणी काही विचारले नाही.

सण बिघडतो तेव्हा आपण शेवटच्या हाताला दोष देतो. हा धडा आपल्या शेजाऱ्यांच्या सणापुरता नाही. आपल्या नाताळलाही तो लागू आहे.

२. चार प्रश्न आणि पाचवा

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी आम्हाला अॅरिस्टॉटल शिकवला गेला. संत तोमस अक्वायनस यांनी ज्याचा आदराने आधार घेतला तोच हा ग्रीक विचारवंत. कोणतीही वस्तू नीट समजायची तर चार प्रश्न विचारावेत, असे तो सांगतो. ती कशाची बनली? तिला कोणता आकार दिला? ती कोणी बनवली? ती कशासाठी बनवली? परीक्षेसाठी आम्ही हे पाठ केले आणि विसरून गेलो. त्या खोलीत उभे असताना ते अचानक आठवले.

बाजारात मिळणारा प्लास्टिकचा तारा घ्या. तो कशाचा? प्लास्टिकचा. प्लास्टिकचा कच्चा माल आपल्याच रोहा तालुक्यात, नागोठण्याला तयार होतो. त्यावर आपल्यापैकी काही घरांच्या चुली पेटतात. म्हणून प्लास्टिकला सरसकट शाप देणे आम्हाला जमणार नाही. पाण्याची टाकी, रुग्णालयातील सलाईनची नळी, शेतातील ठिबक या चांगल्या गोष्टी आहेत. त्या वर्षानुवर्षे टिकतात किंवा जीव वाचवतात. तारा मात्र तीन आठवडे टांगला जातो. तो कोणी बनवला? आपल्याला ठाऊक नाही. त्याला किती मजुरी मिळाली, हेही ठाऊक नाही. कशासाठी? ज्ञानी लोकांना बाळ येशूकडे नेणाऱ्या ताऱ्याची आठवण म्हणून.

अॅरिस्टॉटलने न विचारलेला पाचवा प्रश्न आज आपल्याला जोडावा लागतो. नंतर तो कुठे जातो? त्याच्या काळी वस्तू मोडली की मातीत मिसळून जात असे, त्यामुळे हा प्रश्न पडत नव्हता. आपल्या काळी तो सर्वांत आधी विचारायला हवा. पेणचे पाणी भोगावतीतून धरमतरच्या खाडीकडे जाते. रोह्याचे पाणी कुंडलिकेतून रेवदंडा-कोर्लईजवळ समुद्राला मिळते. त्या मुखाशी कोर्लईला आपलेच श्रद्धाबंधू राहतात. पोर्तुगीज काळापासूनची स्वतःची बोली त्यांनी अजून जपली आहे. खाडीकाठच्या कोळीवाड्यांत मासळीबरोबर जाळ्यात जे येते, त्यात आपल्या नाताळचाही वाटा असू शकतो.

आता दुसरा तारा घ्या. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद आणि घरी शिजवलेली खळ. बनवणारे कोण? घरातील मुले आणि त्यांना कामट्या तासून देणारे आजोबा. दिवाळीच्या आकाशकंदिलाचा सांगाडा असेल तर निम्मे काम झालेलेच आहे. नंतर कागद कुजतो आणि सांगाडा पुढच्या वर्षी उपयोगी पडतो.

एक गैरसमज मात्र नको. घरात प्लास्टिकचा तारा आधीपासून असेल तर तो फेकून कागदी आणू नका. तो दहा वर्षे वापरणे हीच खरी काटकसर. दरवर्षी नवा घेऊन जुना टाकणे ही खरी अडचण आहे.

३. पहिली गव्हाणी

इटलीतील ग्रेच्चो या गावी १२२३ साली संत फ्रान्सिस असिसीकर यांनी नाताळचा जो देखावा उभा केला, तिथून आपल्या गव्हाणीची परंपरा सुरू झाली. त्या देखाव्यात एकही मूर्ती नव्हती. गावातील एका भल्या माणसाला त्यांनी आधी कळवले होते. त्याने गवत आणले, बैल आणि गाढव आणले. लोक मशाली घेऊन आले आणि गव्हाणीपाशी मिस्सा झाली. ते गवत पुढे जपून ठेवले गेले आणि ते खाऊन आजारी जनावरे बरी झाली, असे फ्रान्सिसचा पहिला चरित्रकार तोमस चेलानो लिहितो.

आपल्याला एवढी गोष्ट साधारण ठाऊक असते. त्याच चरित्रकाराने आणखी एक आठवण दिली आहे, ती फारशी सांगितली जात नाही. फ्रान्सिसला वाटे की नाताळच्या दिवशी श्रीमंतांनी गरिबांना पोटभर जेवू घालावे, बैलांना आणि गाढवांना रोजच्यापेक्षा जास्त चारा मिळावा आणि सम्राटाने हुकूम काढून रस्त्यांवर धान्य टाकावे, म्हणजे पाखरांचाही सण होईल.

सुमारे आठशे वर्षांपूर्वीचा हा विचार आहे. पर्यावरण हा शब्दही तेव्हा नव्हता. पण गरीब, जनावर आणि पाखरू या तिघांना फ्रान्सिसने एकाच पंगतीला बसवले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात हेच आपल्या काळासाठी मांडले. निसर्गाचे संकट वेगळे आणि गरिबांचे संकट वेगळे असे नसून ते एकच संकट आहे, हा त्या परिपत्रकाचा गाभा आहे. डिसेंबर २०१९ मध्ये ते स्वतः ग्रेच्चोला गेले आणि तिथेच त्यांनी गव्हाणीविषयीच्या पत्रावर सही केली. आपल्या मराठी ख्रिस्तसभेला हा विचार परका नाही. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी जो लढा दिला, तो विहिरीच्या पाण्यासाठी आणि बागायतीसाठी होता, तसाच त्यावर जगणाऱ्या माणसांसाठीही होता.

४. सण म्हणजे होकार

कोणी म्हणेल, फादर, वर्षातून एकदा नाताळ येतो, त्यातही हिशेब करायचा का? प्रश्न रास्त आहे. सण म्हणजे थोडी उधळण आलीच. येशूने स्वतः काना गावच्या लग्नात द्राक्षारस कमी पडू दिला नाही. आम्हालाही रडका नाताळ नको आहे.

जर्मन कॅथलिक तत्त्वज्ञ जोसेफ पीपर यांनी १९६३ साली सणाच्या अर्थावर एक छोटे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे आम्ही आमच्या शब्दांत सांगतो. माणूस सण करतो तेव्हा तो मुळात एक होकार देत असतो. हे जग चांगले आहे, जगणे चांगले आहे, असे तो रोजच्या कामातून उठून मोठ्याने सांगतो. ज्याला जग वाईटच वाटते त्याला सुट्टी मिळेल, सण मिळणार नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात देवाने आपली निर्मिती पाहिली आणि ती त्याला चांगली वाटली. आपला प्रत्येक सण हा त्या पाहण्याला आपण दिलेला दुजोरा आहे. नाताळ तर सर्वांत मोठा. हे जग देवाला इतके मोलाचे वाटले की तो स्वतः त्यात देह धारण करून आला.

आता विचार करा. जे चांगले आहे म्हणून आपण नाचतो-गातो, तेच खराब करत गेलो तर तोंडाने होकार आणि हाताने नकार असे होते. म्हणून सणाचा हिशेब म्हणजे आनंदाला कात्री लावणे नव्हे. तोंड आणि हात यांना एकाच बाजूला आणणे एवढेच आहे.

५. वीटभट्टीवरील एक संध्याकाळ

नदी आणि तारा यांविषयी बोलणे सोपे आहे. पुढची गोष्ट सांगताना आम्हाला जरा संकोच वाटतो, कारण चूक आमचीच आहे.

आपल्या भागातील कातकरी कुटुंबे दिवाळी आटोपली की वाडीला कुलूप लावून वीटभट्ट्यांवर किंवा कोळसा पाडायला जातात. पाऊस जवळ आला की परततात. अनेकांनी पावसाळ्यातच मालकाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यात हंगाम जातो. वेठबिगारी संपवणारा कायदा १९७६ साली झाला, तरी उचलीचे ओझे अजून पुष्कळांच्या पाठीवर आहे. म्हणजे आपण नाताळची गाणी म्हणत असतो त्या दिवसांत ही माणसे घरापासून दूर, पेंढ्याने शाकारलेल्या खोपटीत असतात. मुलांची शाळा सुटलेली असते. काही बाळे तिथेच जन्मतात.

काही वर्षांपूर्वी नाताळच्या आठवड्यात आम्ही आपल्या युवकांना घेऊन अशाच एका भट्टीवर गेलो. बरोबर फुगे, चमकी कागदात गुंडाळलेली प्लास्टिकची खेळणी आणि थर्मोकोलच्या ताटल्यांत केक. मुले खूश झाली. गाणी झाली, फोटो निघाले. आम्हाला समाधान वाटले. आठ दिवसांनी एका कामासाठी आम्ही एकटेच त्या वाटेने गेलो. खेळण्यांचे तुकडे आणि ताटल्या विटांच्या चिखलात रुतल्या होत्या. डोक्यावर हंडा घेऊन एक बाई येत होती. तिने ओळखले. ती म्हणाली, "फादर, पोरांना खेळनी दिलीत, बरा केलात. पर पानी लय लांबून आनावा लागतो. येक पिंप दिला आसता तर सगल्यांना झाला आसता."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. जे सुचले ते तिने सांगितले. आम्ही मात्र त्या रात्री नीट झोपलो नाही. शहरातून आणलेला कचरा आम्ही भेट म्हणून तिच्या दारात टाकून आलो होतो. जाण्याआधी त्यांना काय हवे ते विचारायला हवे होते आणि आम्ही ते विचारले नाही. आम्हाला द्यायचे होते, ते आम्ही दिले.

संत लूक सांगतो ती कथा आठवा. शिरगणतीचा हुकूम निघाला म्हणून एक गरीब जोडपे घर सोडून चालत निघाले. उतारशाळेत जागा नव्हती, म्हणून बाळाला गव्हाणीत निजवावे लागले. पहिली बातमी मिळाली तीही रात्री उघड्यावर काम करणाऱ्या मेंढपाळांना. ज्या हातांनी भाजलेल्या विटांवर आपली घरे उभी आहेत, त्या हातांच्या खोपटीत बेथलेहेम आपल्या थर्मोकोलच्या टेकडीपेक्षा अधिक खरे आहे. आपण तिथे देणारे म्हणून गेलो. मेंढपाळ आणि ज्ञानी लोक तिथे दर्शन घ्यायला गेले होते.

६. यंदा आपण काय करू?

धर्मग्राम समितीत आणि लघु ख्रिस्ती समूहांच्या बैठकांत या विषयावर बोलणे झाले आहे. त्यातून पुढील गोष्टी ठरल्या.

१) चर्चमधील गव्हाणी पेंढा, बांबू, गोणपाट आणि मातीची होईल. भातकापणी झाली आहे, त्यामुळे पेंढा आपल्याच शेतकरी कुटुंबांकडून येईल. तीन राजांच्या सणानंतर तो गोठ्यातील जनावरांना जाईल. जुने थर्मोकोल पुन्हा वापरायचे नाही, जाळायचेही नाही, कारण त्याचा धूर विषारी असतो. महाराष्ट्रात मार्च २०१८ पासून आणि देशभर जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी आहे. म्हणजे आपण कायदाही मोडत होतो.

२) गव्हाणीतील जुन्या मूर्ती प्लास्टरच्या आहेत. त्या विसर्जित करायच्या नसल्याने जपून वापरू. पुढच्या वर्षासाठी मात्र योसेफ, मरिया, बाळ आणि मेंढपाळ मातीचे करून घेण्याचा विचार आहे. ज्या गावाचे हात मूर्तिकलेसाठी ओळखले जातात तिथे राहून आपण मूर्ती बाहेरून का आणाव्यात? एखाद्या स्थानिक मूर्तिकाराला गणपती उरकल्यावर, हाताला काम कमी असते तेव्हा सांगू. घासाघीस न करता योग्य मोल देऊ.

३) घरच्या गव्हाणीच्या हिरवळीसाठी मुलांनी आगमनकाळाच्या सुरुवातीला वाटीत नाचणी पेरावी. काही घरांत ही जुनी रीत आहेच. सुरूच्या फांद्या तोडून झाड करू नये. कुंडीतील एखादे रोप सजवावे.

४) फटाके नकोत, ही विनंती. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ च्या निकालात नाताळ आणि नववर्षासाठी रात्री ११.५५ ते १२.३० एवढीच वेळ ठरवून दिली होती आणि तीही कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांसाठी. ध्वनिक्षेपकांसाठी २००० सालचे नियम आहेत. उघड्यावर रात्री दहानंतर परवानगीशिवाय ते लावता येत नाहीत. आपली गाणी चर्चच्या आत, पेटी-तबल्यावर होतील. शेजारच्या आजारी माणसाची झोप हीसुद्धा आपली भेट समजू.

५) शेजाऱ्यांना फराळ ताटातून द्यावा. पूर्वी करंज्या आणि कलकल रुमालाने झाकलेल्या ताटातून जात आणि ते ताट कधी रिकामे परत येत नसे. प्लास्टिकचा डबा आला आणि ताट परत येणे थांबले. त्याबरोबर दारातील दोन शब्दही थांबले. विकतची भेट द्यायचीच असेल तर पेणच्या बायकांनी लाटलेले पोह्याचे पापड द्या. पैसा आपल्याच गावात राहील.

६) नाताळनंतरच्या रविवारी सामुदायिक जेवण म्हणून पोपटी लावू. वालाच्या शेंगा तोवर बाजारात येऊ लागतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. पाण्याचा थेंब नाही, तेल नाही. मडके उपडे घालून भोवती पेंढा आणि पालापाचोळा पेटवायचा. वर पाणी शिंपडून चर्र आवाज आला की झाले. रायगडच्या थंडीतील हे जेवण पत्रावळीवर वाढू. पत्रावळ्या आदिवासी भगिनींकडून घेऊ. शाकाहारी शेजाऱ्यांसाठी वेगळे मडके लागेल, त्यांनाही बोलवा.

७) वीटभट्टीवर यंदाही जाऊ, पण दोनदा. पहिल्यांदा आगमनकाळात, रिकाम्या हाताने, काय हवे ते विचारायला. दुसऱ्यांदा नाताळच्या आठवड्यात, त्यांनी सांगितले ते घेऊन. पाण्याचा पिंप असेल, उन्हासाठी ताडपत्री असेल, मुलांच्या शाळेची सोय असेल. मालकाशी बोलण्याची गरज पडली तर ते काम आम्ही करू. फोटो काढले जाणार नाहीत.

८) प्रत्येक कुटुंबाने आपल्या नाताळच्या खर्चाचा एक कागद करावा. त्यातील काही वाटा या कामासाठी पाकिटात घालून गव्हाणीपाशी ठेवावा. किती, ते आम्ही सांगणार नाही. पाकिटावर नाव लिहू नये.

एवढ्याने भोगावती स्वच्छ होईल का? नाही होणार. आपण मूठभर माणसे आहोत आणि नदीत येणारे बहुतेक पाणी आपल्या घरांतून येत नाही. पण ग्रेच्चोलाही एका छोट्या गावातील थोडी माणसेच होती. शिवाय नदी स्वच्छ करा असे दुसऱ्याला सांगण्याआधी आपले गटार तपासलेले असले की आवाजात बळ येते. गणपतीत भेटलेले ते गृहस्थ यंदा गव्हाणीच्या कामात पुढे आहेत. पेंढा आणायची जबाबदारी त्यांनी स्वतःहून घेतली आहे.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

आगमनकाळाचे चार आठवडे आहेत. दर आठवड्याला एका संध्याकाळी रोझरीनंतर एक प्रश्न घ्यावा. मुलांना आधी बोलू द्यावे.

पहिला आठवडा: गेल्या नाताळला घरात आणलेल्या कोणत्या वस्तू आज घरात आहेत? उरलेल्या कुठे गेल्या?

दुसरा आठवडा: आपल्या सणासाठी कोण कोण राबते? त्यांतील किती जणांची नावे आपल्याला ठाऊक आहेत?

तिसरा आठवडा: आपल्या आनंदामुळे शेजारी, जनावर किंवा पाणी यांपैकी कोणाला त्रास होतो का? तो कसा टाळता येईल?

चौथा आठवडा: यंदा आपण कोणाकडे द्यायला न जाता, भेटायला आणि ऐकायला जाणार आहोत?

बाळ येशूच्या कृपेने आपला नाताळ असा व्हावा की आपल्या आनंदाचे बिल दुसऱ्या कोणाच्या दारात जाऊ नये. सामानाच्या त्या खोलीची साफसफाई येत्या शनिवारी सकाळी आठ वाजता आहे. झाडू आणि गोणपाट घेऊन यावे. चहा आमच्याकडे.

प्रभूमध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू